चुकलेली वाट

वाट चुकणे हा काही गुन्हा नव्हे. पण ती चुकली हे कबूल करणे मोठे जड जाते. गेल्या पौषात अन्व्याचे प्राचीन शिवमंदिर पाहून मी सायकलीने भोकरदनकडे परतत होतो. हौसेने सडक सोडून टेकडीची आडवाट धरली आणि अंधारात सापडलो. मोबाईल केव्हाच विझला होता. थंडीने बोटे इतकी बधिरली की ब्रेक दाबवेना. वाटेत दोन शेकोट्या दिसल्या; पण भूगोलाच्या प्राध्यापकाने वाट विचारावी कशी? ध्रुव शोधण्यासाठी सप्तर्षी पाहू लागलो, तो ते कोठेच नाहीत!

तिसऱ्या शेकोटीपाशी मात्र अभिमान गळाला. तेथला वृद्ध मेंढपाळ सप्तर्षींना खाटले म्हणे. "खाटलं उगवायला लई येळ हाय, भाऊ. त्यो बगा ध्रुव. त्येच्याकडं पाठ करा अन् चला." उत्तरेस क्षितिजापासून अवघ्या २० अंशांवर तो मंद तेवत होता. आपल्या अक्षांशावर तो एवढाच वर दिसतो, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल!

हात शेकताना वाटले, माझी वाट खरोखर चुकली ती पहिली शेकोटी मागे टाकली तेव्हा.