पहिला बाँब आप्पांचा

कुत्र्याचं नाव ठेवताना पंचांग पाहायची पद्धत नाही. पण निदान दिवाळी तरी ध्यानात धरावी. आम्ही धरली नाही. आषाढातल्या पावसात चिरंजिवांनी रस्त्यावरून एक गावठी पिल्लू उचलून आणलं आणि आम्ही त्याला 'मोती' म्हणून मोकळे झालो. आमच्याकडे अभ्यंगस्नानाचा साबणही वर्षानुवर्षं मोतीच असतो, ही गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून निसटली.

मोतीच्या शिक्षणाचं खातं चिरंजिवांकडे. 'सिट', 'स्टे' असा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम सुरू होताच आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर, कडाडले, "मराठी घरातलं कुत्रं मराठीतच बसलं पाहिजे!" तेव्हा 'बस' हा शब्द मुक्रर झाला. बसलं, की तत्क्षणी भाकरीचा तुकडा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते कुत्र्याला उमगत नाही, असं पशुवैद्यांनी बजावलं होतं. पंधरा दिवसांत मोती या विषयात पहिल्या वर्गात पास झाला. अडचण एवढीच, की मराठीत 'बस'ला अंत नाही. जेवायला आलेले पाहुणे "बस, बस, आता पुरे" म्हणत आणि मोती त्यांच्या पायाशी बसून दोन तुकड्यांची वाट पाही.

आप्पांना मुळात कुत्रं नको होतं. "दत्तामागे चार कुत्री असतात, पण तसबिरीत. तिथं ती केस गाळत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या घराण्याचा रिवाज असा, की नरकचतुर्दशीच्या पहाटे आप्पांनी गल्लीतला पहिला सुतळी बाँब उडवायचा. गल्ली त्यावर घड्याळं लावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, तेव्हा आप्पा म्हणाले, "नरकासुर काय रात्रपाळीत मेला?" तरीही कायद्याचा मान म्हणून त्यांनी बाँबची संख्या एकावर आणली.

खरं कारण वेगळंच होतं. आप्पांचे कान गेलेत. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये. देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, आमचं बोलणं, सगळं एकेक करून बंद झालं. सुतळी बाँब तेवढा उरला. "वर्षातनं एकदा मला तुमच्याइतकं ऐकू येतं," असं ते मागे एकदा बोलून गेले होते. मग 'यंदा राहू द्या' हे म्हणायचं कुणी?

इकडे मोती! माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४० हजारांच्याही वर. थोडक्यात, घरात एकाला काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला नको ते सगळं.

उपाय म्हणून गणपतीपासूनच शिकवणी लावली. फोनवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावायचे, मोतीला खाऊ द्यायचा आणि आवाज रोज चिमूटभर वाढवायचा. भाद्रपदात आमच्या घरातून माळा वाजताना ऐकून शेजारी चौकशीला आले. मोती लवंगीत पास झाला. सुतळीला मात्र थेट कपाटाखाली.

चतुर्दशीची पहाट आली. दिवाळीला आलेली आत्या न्हाणीघरातून ओरडली, "अगं, मोती कुठाय? मोती पाठव!" हाकेला येणं हा मोतीचा दुसरा विषय. पाठवावं लागलं नाही. नंतर फक्त उटण्याची वाटी पडल्याचा आणि आत्याच्या किंकाळीचा आवाज आला. तिकडे आप्पांनी तुळशीपाशी "गोविंदा, गोविंदा" म्हणत डाव्या अंगठ्याने कारीट फोडलं. उटण्याने माखलेल्या मोतीने ते पळवलं, चाखलं आणि थुंकून दिलं.

मग आप्पा उदबत्ती आणि बाँब घेऊन अंगणात निघाले. आम्ही सगळे गप्प. इतक्यात पलीकडच्या गल्लीत कुणीतरी धडाका उडवला. मोती कपाटाखाली गेला नाही, तो आप्पांच्या धोतरात शिरला.

"हा का थरथरतोय?"

"बाँब वाजला, आप्पा!" मी कानाशी ओरडलो.

"कुठं? मला नाही ऐकू आला."

कुणीच काही बोललं नाही. आप्पा सावकाश खाली वाकले. मोतीच्या बरगड्यांवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अरे, याच्या छातीत केवढं वाजतंय!"

उदबत्ती त्यांनी तुळशीत खोचली. बाँब माझ्या हातात दिला. मोतीकडे बघून म्हणाले, "बस." थरथरत का होईना, मोती बसला. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून बेसनाचा लाडू काढला, वरचा बेदाणा उपटून स्वतः खाल्ला आणि लाडवाचा तुकडा मोतीला दिला. "बेदाणा विषारी असतो कुत्र्याला. डॉक्टरांनी सांगितलंय ना?" लाडू तर अजून आम्हांलाही मिळाले नव्हते. हे पथ्यपाणी किती दिवस चाललं होतं कोण जाणे!

त्या दिवशी गल्लीची घड्याळं चुकली. फराळाच्या वेळी मी आप्पांना ओरडून सांगितलं, की नेपाळात याच चतुर्दशीला 'कुकुर तिहार' असतो, कुत्र्यांना हार घालतात, टिळा लावतात.

आप्पांनी उटण्याने पिवळ्या झालेल्या मोतीकडे पाहिलं. "टिळा कशाला? अंगभर लागलाय की. बस, तेवढं पुरे."

मोती बसला.