गोल उलगडत नाही

संध्याकाळची लोकल कोपरला थांबते, तेव्हा स्टेशनबाहेरच्या शेंगदाणेवाल्याचे हात बघत राहावेत. वर्तमानपत्राचा तुकडा, बोटांभोवती एक गिरकी, टोकाला दुमड की पुडी तयार. दाणे संपले की कागद पुन्हा सपाट. शंकूचा मोठेपणा हाच: वक्र असूनही तो उलगडतो. वृत्तचितीही तशीच. डब्यावरचं लेबल उभं कापून सोडवलं की हाती आयत येतो. दहावीच्या महत्त्वमापनात या दोघांची वक्रपृष्ठफळं म्हणूनच पटकन पटतात.

गोल मात्र उलगडत नाही. चेंडूला कागद गुंडाळा, चुण्या पडणारच. मोसंबीची साल सपाट करायला जा, ती फाटते. कितीही कसब असलं तरी हे जमणार नाही, हे गाऊसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. मग गोलाचं पृष्ठफळ ४πr² आलं कुठून? सूत्रातला तो ४ मला कायम खुणावत आला आहे.

त्याचं उत्तर याच रुळांच्या वाटेवर आहे. कोपरवरून जाणारा लोहमार्ग पुढे कल्याण, मनमाड करत चाळीसगावला पोचतो. तिथून जवळच पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. तिथला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तसं सांगतो. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी नियम दिला: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचं पृष्ठफळ. 'गोलाध्याया'वरच्या स्वतःच्या टीकेत त्यामागचं कारणही मांडलं. आवळ्यावर देठापासून बुडापर्यंत रेघा असतात, तशा त्यांनी गोलाच्या ९६ उभ्या फोडी कल्पिल्या. परीघ ९६ हात, म्हणजे प्रत्येक फोड मध्यावर एक हात रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. मग फोडीचे आडवे बारीक तुकडे पाडले, ज्यांच्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकावरून प्रत्येकाची रुंदी काढली आणि बेरीज केली. एका फोडीचं माप भरलं व्यासाएवढं. फोडी परिघाइतक्या, तेव्हा एकूण पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास. वर्तुळाचं क्षेत्रफळ याच गुणाकाराचा चौथा हिस्सा. चार आला तो इथून.

आणि परीघ गुणिले व्यास म्हणजे त्या चेंडूवर नेमक्या बसणाऱ्या डब्याचं लेबल! चौदाशे वर्षं आधी सिराक्यूजमध्ये आर्किमिडीज याच नात्यापाशी पोचला होता. न उलगडणाऱ्या गोलाचं माप उलगडणाऱ्या वृत्तचितीने द्यावं, याहून सुंदर गोष्ट मला भूमितीत दिसलेली नाही.

आपल्या वर्गांत ती सांगायला एक तास पुरेल. फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी बाकाबाकावर एकेक आवळा ठेवावा, मुलांना रेघांवरून बोट फिरवू द्यावं आणि फोडी मोजायला सांगाव्यात. त्यानंतर तो चार पाठ करायची गरज उरणार नाही.