यात तुम्ही कुठे आहात?

बँकेच्या नोकरीत मी एक कला मात्र जोपासली आहे. पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे चित्रं काढण्याची. खातेदार सही करायला चष्मा शोधत असतो, तेवढ्या वेळात एक साहेब सहज काढून होतो.

मागे आमची शाखा डबघाईला आली होती. थकलेली कर्जं वसूल होईनात. मी एक बुडती होडी काढली. नाकापर्यंत पाण्यात गेलेले साहेब आणि त्यांनी दोन्ही हातांनी वर धरलेलं लेजर. ती स्लिप नेमकी व्हाउचरांच्या गठ्ठ्यातून साहेबांच्या टेबलावर गेली! बोलावणं आलं. आता मेमो मिळणार, या तयारीनं मी उभा राहिलो. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "होडी झकास आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

मेमो परवडला असता. त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. इतर मंडळी काय करत, हे बघायला मी जुन्या व्यंगचित्रांची पुस्तकं चाळू लागलो. एकोणिसाव्या शतकातला युरोप म्हणजे या धंद्याची सुगीच. सारखं कोणाचं तरी राज्य खचत होतं. रशियाच्या झारनं १८५३ साली तुर्कस्तानला 'आजारी माणूस' ठरवलं. त्याच साली लंडनच्या 'पंच'नं रशियाचं अस्वल टर्की पक्ष्याला कवटाळताना दाखवलं. दुखणं शेजारच्या घरचं, हसायला आपलं काय जातं? ही फॅशन लगेच मुंबईलाही पोचली. १८५४ साली 'पारसी पंच' निघाला. पुढे १८८८ मध्ये तो 'हिंदी पंच' झाला. नाव हिंदी, मजकूर गुजराती आणि इंग्रजी! पंचाला कोण विचारणार?

पण मला भेटला तो फ्रान्सचा दोमिए. तरुणपणी यानं आपल्या राजाला पैशांची पोती गिळणारा राक्षस म्हणून काढलं आणि सहा महिन्यांची कैद ओढवून घेतली. (मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "बघ, माझं थोडक्यात निभावलं.") १८७० मध्ये तो बासष्ट वर्षांचा होता. तिसरा नेपोलियन १८५२ मध्ये म्हणाला होता, 'साम्राज्य म्हणजे शांतता.' तोच बादशहा प्रशियाशी लढायला गेला आणि २ सप्टेंबर १८७० ला सेदानला सैन्यासकट शरण आला. पॅरिसला वेढा पडला. लोक घोडे खाऊन संपवून उंदरांवर आले. दोमिएनं बादशहाचं ते जुनं वाक्य जसंच्या तसं मथळ्याला घेतलं आणि काढली पडकी, धुमसती घरं आणि त्यांच्यापुढे पडलेली प्रेतं. बादशहाच्या मिशीचा केसही नाही! घर त्याचं स्वतःचंच होतं. हसू येत नाही, पण डोळाही हलत नाही.

आपल्याला हे जमेल का, असा विचार करत मी वसईच्या किल्ल्यात हिंडत होतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. पण कोणी बढती मिळाल्यावर "माझी वसई झाली" म्हणाल्याचं ऐकिवात नाही. उलट बावीस वर्षांनी, १७६१ मध्ये, जिथे हरलो ते पानिपत सदा तोंडी. मुलगा गणिताचा पेपर देऊन येतो आणि दारातूनच सांगतो, "बाबा, पानिपत!" विरार लोकलमध्ये दारापर्यंत पोचू न शकलेला वसईकर पुढे विरारला उतरतो आणि घामाघूम होऊन म्हणतो, "आज आपलं पानिपत झालं!" 'त्यांचं' नाही, 'आपलं'. ज्या लढाईनं घरोघरची माणसं नेली, तिचं व्यंगचित्र मराठी माणसानं पेन्सिलीशिवाय काढलं, आणि त्यात स्वतःला पहिल्या रांगेत उभं केलं.

साहेबांच्या निवृत्तीला मी तीच होडी पुन्हा काढून दिली. साहेब नाकापर्यंत पाण्यात, लेजर वर. फक्त या खेपेला होडीच्या तळाला एक भोक होतं आणि त्याच्या शेजारी मांडी ठोकून मी पेन्सिलीला टोक काढत होतो.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हां. आता ताळा जुळला."