मिर्झापूरच्या पूर्वेला

नोव्हेंबर संपत आला होता. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गाडी धरली आणि आसामकडे निघालो. हा प्रवास गाडीनेच करावा, विमानाने त्यातली गंमत हरवते. गाडी जसजशी पूर्वेकडे सरकते तसतसं खिडकीत रोज लवकर उजाडू लागतं. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई ते दिब्रुगड साधारण 22 अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दीड तासाचा फरक. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

वाटेत मिर्झापूर येतं. तिथल्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आपली प्रमाणवेळ ठरली आहे. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून 1906 साली ही वेळ आली तेव्हा शहराचं घड्याळ एकदम 39 मिनिटं पुढे गेलं. गिरणी कामगार चिडले, आंदोलनं झाली. जुना 'बॉम्बे टाइम' शहरात 1955 पर्यंत तग धरून होता. मुंबईवाल्यांना जे 39 मिनिटांचं खुपलं, ते पूर्वेकडे उलट्या बाजूने आजही चालू आहे.

दिब्रुगडजवळच्या चहाच्या बागेत सकाळी गेलो. माझ्या मोबाइलवर सात वाजले होते, कचेरीच्या भिंतीवर आठ. मजुरांवर देखरेख करणाऱ्या सरदाराला वेळ विचारली तर त्याने उलट विचारलं, "बागान टाइम की रेल टाइम?" इंग्रज मळेवाल्यांनी सुरू केलेली ही तासभर पुढची वेळ अनेक बागांनी अजून सोडलेली नाही. समोर बायका पाती खुडत होत्या. टोपली पाठीवर, तिचा पट्टा डोक्यावरून घेतलेला, दोन्ही हात एकदम चालू. दोन पानं आणि एक कळी, चिमटीत आली की मूठ, मूठ भरली की मागे टोपलीत. ऊन केव्हाच चांगलं वर आलं होतं.

दुपारी गावात परतलो. सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळला आणि साडेचारला दुकानांत दिवे लागले. मुंबईत तेव्हा दीड तासाचं ऊन शिल्लक होतं. इथल्या सरकारी कचेऱ्या दिवे लावून बसलेल्या. बागेतल्या बायका मात्र उजेडीच घरी पोचलेल्या. बागेची वेळ मला जास्त शहाणपणाची वाटली.

2018 साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येला एक तास पुढची वेगळी वेळ द्यावी असं सुचवलं होतं. सरकारने ते मानलं नाही. दोन वेळांच्या सीमेवर रेल्वेचा घोटाळा होईल, अशी भीती नेहमी पुढे केली जाते. पण दोन्ही वेळांची सीमा उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवली तर तिथे मोजकेच लोहमार्ग येतात, हेही त्या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. शिवाय बागेतली माणसं पिढ्यान् पिढ्या दोन वेळा सांभाळत आली आहेत. हजेरीला बागान टाइम, गाडी धरायची तर रेल टाइम. सरदाराला दोन्ही तोंडपाठ होत्या. माझी परतीची गाडी कधीची ते त्याने दोन्ही वेळांत सांगितलं आणि तासभर आधीच मला स्टेशनकडे पिटाळलं.