साखरेच्या पाण्यात सापडलेला नियम

१८५० साल. हायडेलबर्ग विद्यापीठातील लुडविग विल्हेल्मी हा अध्यापक, जो एके काळी औषधविक्रेता होता, उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल मिसळून ध्रुवणमापीतून पाहत होता. आम्लामुळे साखरेचे विघटन होते, हे रसायनशास्त्रज्ञांना नवे नव्हते. त्याचा प्रश्न निराळा होता : ते किती वेगाने होते?

प्रश्न साधा, पण मोजायचे कसे? द्रावणावर रासायनिक कसोटी लावावी, तर तीच घडत्या क्रियेत ढवळाढवळ करणार. येथे प्रकाश कामी आला. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळवते. विघटनानंतर उरणारे मिश्रण डावीकडे. द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन वाचून, किती साखर उरली हे सांगता येई.

विल्हेल्मीला आढळले, की कोणत्याही क्षणी विघटनाचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. हे त्याने समीकरणात मांडले. आज अशा अभिक्रियेला ‘प्रथम कोटीची’ म्हणतात. तिचे अर्धायुष्य ठरलेले असते : तासाभरात निम्मी साखर सरली, तर पुढच्या तासात उरलेल्यातली निम्मी, आरंभी साखर फार असो वा थोडी. द्वितीय कोटीच्या अभिक्रियेत असे नसते. तेथे द्रावण विरळ होत जाईल तसा निम्मे होण्याचा काळ लांबतो.

गंमत अशी, की साखरेच्या विघटनात पाणीही खर्च होते. परंतु ते इतके विपुल असते, की त्याची घट वेगाला जाणवतच नाही. म्हणूनच अभिक्रियेची कोटी कागदावरच्या समीकरणावरून ठरत नाही. प्रयोगच करावा लागतो.

या शोधाची दखल जवळजवळ कोणीच घेतली नाही. काय तयार होते, यात गढलेल्या त्या काळाला किती वेळात, हा प्रश्न बहुधा गौण वाटला असावा. विल्हेल्मीने १८५४ मध्ये अध्यापन सोडले. १८६४ मध्ये तो वारला. त्याच वर्षी नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वागे यांनी आपला वस्तुमानक्रियेचा नियम मांडला. विल्हेल्मीचे नाव विस्मृतीतून वर काढले ते विल्हेल्म ओस्टवाल्डने, १८८४ मध्ये.

१९०० मध्ये माँट्रिअलला अर्नेस्ट रदरफर्ड थोरियमपासून निघणाऱ्या वायूची किरणोत्सारिता मोजत होता. ती साधारण दर मिनिटाला निम्मी होई. वक्र तोच, साखरेचा! भेद एकच, पण मोठा : साखर उष्णतेने भराभर विघटित होते, किरणोत्सारी अणूला मात्र उष्णतेचे काहीच वाटत नाही. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे. चुलीत जळून कोळसा झालेल्या लाकडातही ते तेवढेच राहते, आणि उत्खननात सापडलेल्या त्या कोळशावरून चूल कधी पेटली होती, याचा अंदाज बांधता येतो.