वीतभर दोरा

कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाने मासे कसे गरवावेत हे परक्याकडून शिकणे, म्हणजे आजीने नव्या सुनेकडून भाकरी थापायला शिकण्यासारखे आहे. पण गेल्या वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना, रीतसर परवाना काढून, ग्रँड युनियन कालव्याच्या काठी बसून मी ते शिकलो. गुरू होते मुलीच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ.

त्या देशात माशांतही जातिभेद आहे. सामन आणि ट्राउट हे खानदानी. गोड्या पाण्यातले बाकी सारे 'कोर्स', म्हणजे सामान्य. पण या सामान्यांसाठी गुरुजींच्या पेटीत दोऱ्यांची एवढी रिळे होती, की प्रथम मला ते शिंपीच वाटले! मुख्य दोरीला गळ थेट बांधायचा नाही; मध्ये वीतभर वेगळा दोरा जोडायचा. त्याला ते 'हूकलिंक' म्हणत, आणि त्याची निवड सोयरीक जुळवावी तितक्या गांभीर्याने करीत. रोच हा छोटा मासा भारी चोखंदळ. नितळ पाण्यात जाड दोरा दिसला की तोंड फिरवतो, म्हणून त्याला अगदी बारीक तंगूस. तळाशी चरणाऱ्या कार्पला मऊ, विणलेला दोरा. पाइकच्या दातांपुढे मात्र तारच हवी. 1653 साली आयझॅक वॉल्टनने या छंदावर ग्रंथ लिहिला, तेव्हा घोड्याच्या शेपटीचे केस वापरीत. पुढे रेशीमकिड्याच्या पोटातून ओढलेला धागा आला, मग नायलॉन. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करायची, नाहीतर घासून तापते आणि दोरा कमजोर होतो, हेही त्यांनी बजावले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मुख्य दोरी 4 पौंडांची ओढ सोसणारी, आणि हा वीतभर दोरा 3 पौंडांचा!

"मासा ओढणार तिथेच कच्चा दोरा?" मी विचारले.

"तुटायचेच झाले तर कुठे तुटावे, ते आपण आधी ठरवायचे," ते म्हणाले. "इथे तुटले तर आपला एक गळ जातो. वर तुटले तर तो बिचारा सगळी दोरी ओढीत फिरतो आणि कुठेतरी अडकून मरतो."

मी गप्प बसलो. तसा मासा मी पाहिला होता.

लहानपणी दादा आणि मी काठीपासून गळापर्यंत एकच जाड दोरा बांधीत असू. "तुटता कामा नये," हा दादाचा मंत्र. एकदा मोठा मासा लागला आणि दोरा काठीशीच तुटला. तिसऱ्या दिवशी ओहोटीला आमचे बूच खारफुटीच्या मुळांत अडकलेले दिसले. दोऱ्याच्या टोकाला मासा होता. त्या रात्री दादा जेवला नाही.

पुढे वडिलांच्या घराची वाटणी झाली. वाद एका पडवीचा. पण आम्ही दोघेही 'तुटता कामा नये'वाले! ओढता ओढता तुटले ते पार वरून. पडवीबरोबर दिवाळीचा फराळ गेला, वहिनींची पत्रे गेली, मुलांची चुलत भावंडे गेली. 9 वर्षे आम्ही बोललो नाही. तेवढी पडवी सोडली असती तर? वीतभरच तर होती.

त्या संध्याकाळी मला बोटभर रोच मिळाला. गुरुजींनी अलगद गळ काढून तो पाण्यात सोडायला लावला. सोडायचाच तर धरायचा कशाला, हे माझ्या कोकणी जिभेला अजून पटलेले नाही! येताना मात्र बारीक तंगुसाचे एक रीळ घेऊन आलो. गणपतीच्या सुमारास ते दादाला पाठवले. सोबत चिठ्ठी: 'पडवी तुझी.'

महिन्याने उत्तर आले. पडवीचा उल्लेखही नव्हता.

'दोरा फार बारीक आहे. माझे हात कापतात. गाठ मारायला तू ये.'

यंदाची दिवाळी गावी.