शोगुनची स्वारी

जपानी मालिकांची इंग्रजी सबटायटलं लिहिणं हा माझा सिअॅटलमधला गेल्या वीस वर्षांचा धंदा. गेल्या हिवाळ्यात आई इथे होती, तेव्हा तिला एनएचके वाहिनीची २०२३ची ‘ओओकू’ ही मालिका लावून दिली. इंग्रजी पाट्यांचा वेग तिला झेपेना, म्हणून शेजारी बसून तोंडानं मराठी करत गेले. दहाव्या मिनिटाला अडकले.

मूळ चित्रकथा फुमी योशिनागा यांची, एकोणीस खंडांची. सतराव्या शतकातल्या जपानात देवीसारखी एक साथ येते. ती फक्त मुलग्यांना आणि तरुणांना गाठते. पुरुष चौथाईवर येतात. शेती, व्यापार, शेवटी राज्य चालवणारं शोगुनपदही बायकांकडे जातं आणि एदोच्या किल्ल्यातला जनानखाना, म्हणजे ओओकू, देखण्या पुरुषांनी भरतो. पहिली बाई-शोगुन इएमित्सू. खरा इएमित्सू साथीत गेला हे बाहेर कळू नये म्हणून त्याची दाई कासुगा त्याच्या मुलीचे केस कापते आणि तिला बापाच्याच नावानं वाढवते.

“आला की आली? नीट सांग ना,” आई म्हणाली.

तिथेच तर घोडं अडलं होतं. जपानी क्रियापदाला लिंग नाही. बाई की पुरुष हे सर्वनामावरून किंवा वाक्याच्या शेपटावरून कळतं, आणि बोलणाऱ्यानं मनावर घेतलं तर कळतही नाही. इंग्रजीतला ‘आय’ही तसाच घुम्या. अॅलिस शेल्डन ही अमेरिकन बाई ‘जेम्स टिपट्री’ या नावानं विज्ञानकथा लिहायची. १९६८पासून आठेक वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. ही शैली पुरुषाचीच, असं एका नामवंत लेखकानं छापूनही टाकलं होतं. मराठीत बाईंना पहिल्याच पत्रात ‘मी गेलो’ असं ठरवून खोटं लिहावं लागलं असतं. तिच्या नावानं सुरू झालेला पुरस्कार २००९ साली ‘ओओकू’ला विभागून मिळाला, ही मला फार आवडणारी गोष्ट.

‘ओओकू’तल्या या उलथापालथीच्या मुळाशी खरा इतिहास आहे. १६३९मध्ये इसेच्या केइकोइन मठाची जेमतेम सोळा वर्षांची नवी मठाधिपती खऱ्या इएमित्सूच्या भेटीला गेली. ती त्याच्या मनात भरली आणि तिला परत जाऊच दिलं नाही. भिक्षुणीचे केस वाढवायला लावले. योशिनागांनी तिच्या जागी आरिकोतो हा तरुण भिक्षू ठेवला. तेवढ्यानं शतकानुशतकं ‘नशीब काढलं पोरीनं’ म्हणून खपलेली गोष्ट अपहरण म्हणून दिसायला लागते.

आईला आठवलं ते नवनाथांतलं स्त्रीराज्य. प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये (१९३२) दुर्गाबाई खोटे त्या राज्याची राणी होत्या, बरोबर पाळलेला चित्ता. पण तिथे गोरख येतो, गुरूला सोडवतो आणि सगळी माया ठरते. ओओकूत गोरख येत नाही. इथे जमाखर्च, वारस आणि साथ यांचाच हिशेब चालतो.

आरिकोतो आणि इएमित्सू यांच्या प्रेमाचा प्रसंगही कुणाच्या हुकुमानं नाही, इएमित्सूच्याच क्रूरपणातून उगवतो. ती ओओकूतल्या पुरुषांना बायकांचे कपडे घालून नाचायला लावते. आरिकोतोही उंची झगा घालून येतो आणि तोच झगा उतरवून तिच्या खांद्यांवर घालतो: हा तुम्हालाच शोभतो. पुरुष म्हणून वाढवलेली ती मुलगी रडायला लागते.

इथे मराठीत ती काय बोलेल? ‘मी थांबतो’ की ‘मी थांबते’? मी रिमोट दाबून चित्र थांबवलं.

उत्तर आमच्याच भाषेच्या खिशात होतं. ‘आम्ही जातो’, ‘आम्ही आलो’ हे बाई म्हणते तसंच पुरुष म्हणतो. शोगुनला राजेशाही ‘आम्ही’ शोभतोच. म्हणजे झग्याच्या प्रसंगापर्यंत इएमित्सू ‘आम्ही’ म्हणेल आणि झगा खांद्यावर आल्यावर पहिल्यांदा ‘मी’ म्हणेल, ‘थांबते’ म्हणेल. जपानीत हे वळण नाही. या एका ठिकाणी मराठी मुळापेक्षा श्रीमंत आहे, असं मी बेधडक म्हणेन. २००९पासून इथे आलेल्या इंग्रजी खंडांनी संवादांना शेक्सपिअरकालीन पेहराव चढवला. तो मला कायम भाड्याचा वाटला.

राहिले दरबारी. ते तिला ‘उएसामा’ म्हणतात, वर बसलेली व्यक्ती. नर-मादी काही नाही. ‘महाराज आले’ म्हटलं की पुरुष झाला, ‘राणीसरकार आल्या’ म्हटलं की गुपित फुटलं. मी कागदावर खाडाखोड करत होते, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “स्वारी म्हण की. तुझ्या बाबांचं नाव मी कधी घेतलं? ‘स्वारी आली का?’ एवढंच.”

पुरुषासाठी वापरलेला स्त्रीलिंगी शब्द! स्वारी आली, स्वारी निघाली, स्वारी रागावली. पडद्याआड कोण आहे, कुणाला कळणार?

‘ओओकू’ला मात्र मराठी शब्द अजून मिळालेला नाही. जनानखान्यात जनाना आहे, अंतःपुरात नुसत्या राण्या दिसतात आणि ‘मर्दाना’ म्हटलं की तालीम आठवते. कुणाला सुचला तर जरूर कळवा.